कारणाचा रकाना

आजीने फोन उचलला, नेहमीच्या सुरात "बोला, काय तक्रार?" म्हटलं आणि पलीकडून आपल्याच नातीचा आवाज आला तरी ती जराही चकित झाली नाही. नात पाच पावलांवर, बाहेरच्या खोलीत बसली होती. कानाला मोबाइल, समोर निळाशार पडलेला टीव्ही.

"आजी, घरचं चित्र गेलंय."

"कनेक्शन नंबर?"

"एक."

"नोंदवली. माणूस येईल."

आजीने वहीत ओळ लिहिली, रिसीव्हर ठेवला आणि मग आतूनच मोठ्याने विचारलं, चहा आत्ता हवा की जेवणानंतर.

बाहेरच्या माणसाला हा वेडेपणा वाटला असता. पण या घरात चौतीस वर्षं हेच चालत आलं होतं. नानांनी, म्हणजे आजोबांनी, गच्चीवर पहिली डिश बसवून अकरा घरांत तारा नेल्या, तेव्हापासून लोक आजीला जिन्यात, बाजारात, एकदा तर कुणाच्या मयताला गेली असताना दारात गाठून सांगायचे की चित्राला मुंग्या येतात. निम्म्या तक्रारी घरी पोचेपर्यंत विसरल्या जात. शेवटी नानांनी नियम केला: तक्रार फोनवरच घ्यायची आणि वहीतच लिहायची. नियमातून कुणी सुटलं नाही. नाना स्वतःसुद्धा घरचा टीव्ही बिघडला की चप्पल अडकवून कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे आणि तिथून बायकोला फोन करायचे. बायको त्यांना कनेक्शन नंबर विचारायची.

वहीत पाच रकाने. वेळ, नंबर, तक्रार, कोण गेलं, कारण. शेवटचा रकाना कोरा सोडायचा नाही, ही नानांची सक्त ताकीद होती. कारण कळलं नाही तर 'कळलं नाही' असं लिही, म्हणायचे, पण कोरं सोडू नकोस, कोऱ्या जागेत माणूस नंतर हवं ते भरतो.

आता अकरा घरांची बेचाळीसशे झाली होती. तांब्याच्या तारा जाऊन फायबर आलं होतं, खालच्या मजल्यावर यंत्रांची खोली थंडगार ठेवावी लागत होती, गावाच्या बातम्यांची स्वतःची वाहिनी होती, ऑफिसात संगणक होता. पण तक्रारीचा फोन अजून वर, घरात, आजीच्या खिडकीशीच वाजायचा. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला तक्रार सांगितली तर लोकांना ती पोचल्यासारखी वाटत नसे.

उद्या अकरा वाजता या सगळ्याचा निकाल होता.

परवान्याचं नूतनीकरण दर दहा वर्षांनी. मागच्या दोन खेपांना नानांनी एक अर्ज आणि दोन फोटो दिले होते आणि काम झालं होतं. या वर्षी मात्र नवा कायदा आला. गावोगावच्या छोट्या केबलवाल्यांनाही आता मोठ्या कंपन्यांचेच नियम लागू झाले. नियामक मंडळापुढे सुनावणी, तीन वर्षांची तक्रार नोंदवही आणि ती खरी असल्याचं शपथपत्र. त्याच गावासाठी एका बड्या कंपनीने अर्ज आधीच टाकून ठेवला होता. परवाना गेला तर तीस दिवसांत दोनशे बारा खांबांवरच्या तारा उतरवायच्या, आणि मग या घरातल्या कुणालाच दुसरं काही येत नव्हतं.

म्हणून ही नात, आजीच्या मोठ्या मुलाची मुलगी, राजधानीतून रजा टाकून आली होती. तिथे ती याच कायद्याचं काम करणाऱ्या वकिलांकडे होती. लहानपणी झोपायच्या वेळेवरूनही वाद घालायची म्हणून तिला घरात वकीलबाई म्हणायचे. आता खरीच झाली होती आणि चिडवण्याची सोय गेली, असं तिचा काका म्हणायचा.

तो काका, म्हणजे आजीचा धाकटा मुलगा, खालून वर आला, घरच्या बॉक्समागची वायर घट्ट बसवली आणि निळा पडदा गेला. "सैल झाली होती," त्याने आतल्या खोलीकडे तोंड करून सांगितलं. आजीने कारण लिहिलं.

वकीलबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने जेवणाच्या टेबलावर काकूने छापून आणलेली नोंदवही उघडली होती. सुंदर छापली होती. रेघा सरळ, तारखा एकाखाली एक.

"काकू," ती म्हणाली, "तीन वर्षांत अकरा तक्रारी?"

काकू ताटं मांडत होती. ती या घरात आली तेव्हा ऑफिसात कागदांचे नुसते ढीग होते. तिने एकेक फाइल लावली, संगणक शिकली, दोघा भावांना वेळेवर सह्या करायची सवय लावली. नोंदवहीवर तिने चार दिवस घालवले होते आणि शाबासकीची तिची अपेक्षा अगदीच गैर नव्हती. तिने सांगितलं की मोठ्या दादांनीच तशी करायला सांगितली. मंडळाला कमी तक्रारी आवडतात.

"गेल्या वादळात अख्खं गाव दोन दिवस बंद होतं. ती एकही तक्रार यात नाही. मंडळातल्या माणसांच्या घरीही केबल असते, काकू. ते हसतील. आणि याच्या खाली शपथेवर सही, वकील म्हणून, माझी आहे."

काकूचा चेहरा पडला. नवऱ्याकडे बघितलं तर तो पाण्याचा ग्लास बघत होता. या घरातले पुरुष अडचणीच्या वेळी नेहमी भांड्यांकडे बघतात, हे तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

"मग काय करायचं?" तिने विचारलं.

"आजीच्या वह्या देऊ या. खऱ्या आहेत. तक्रारी ढीगभर असतील, पण माणूस कधी गेला, का बिघडलं, सगळं असेल. असली नोंद बड्या कंपनीकडेसुद्धा नसते."

मोठा तोपर्यंत खिडकीशी उभा राहून उद्या कुणाकुणाला भेटायचं याचे फोन करत होता. गावात त्याचा शब्द चालायचा. वाहिनी तोच बघायचा, नगरपालिकेत ऊठबस त्याचीच. त्याने फोन खाली घेतला.

"वह्या नकोत," तो म्हणाला.

"का?"

"आईचं अक्षर कुणाला लागत नाही."

हे ऐकून आतून आजी म्हणाली की चौतीस वर्षांत तिचं अक्षर न लागल्याची तक्रार एकदाही आलेली नाही. धाकटा हसला. मोठा हसला नाही, आणि तेवढ्यावरून वकीलबाईने ओळखलं की गोष्ट अक्षराची नाही.

ती उठली. आजीच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात वह्या ओळीने लावलेल्या होत्या, प्रत्येकीच्या पाठीवर वर्ष. तिने शेवटच्या तीन वर्षांच्या पाच काढल्या. आजी पलंगाच्या कडेला बसून होती, तिने अडवलं नाही. फक्त एवढंच म्हणाली, "वाचशील तर सगळं वाच. मधलं एखादं पान बघून मत बनवू नकोस."

वाचायला मजा येत होती. 'चित्र येतं, आवाज शेजारच्यांचा येतो. कारण: भिंत पातळ, आपला दोष नाही.' 'इंटरनेट बंद. कारण: उंदीर.' 'इंटरनेट बंद. कारण: तोच उंदीर.' वकीलबाई मोठ्याने वाचत होती, काकूसुद्धा आता पुढे वाकून ऐकू लागली होती. धाकटा प्रत्येक उंदराची आठवण सांगत होता. मग तिसऱ्या वहीचं एक पान आलं आणि वकीलबाईचा आवाज थांबला.

दोन वर्षं चार महिन्यांपूर्वीची एक संध्याकाळ. सहा वाजून दहा मिनिटांपासून सात पस्तीसपर्यंत एकसष्ट फोन. तक्रार सगळ्यांची एकच: सभा दिसत नाही. आणि कारणाच्या रकान्यात एकसष्ट वेळा, वरच्यासारखंच अशी खूण न करता, पूर्ण शब्दांत लिहिलेलं: मोठ्याने बंद केलं.

ती संध्याकाळ सगळ्यांच्या लक्षात होती. गावच्या पाणीपुरवठ्यावर जाहीर सुनावणी होती आणि वाहिनी ती थेट दाखवत होती. खालच्या वस्तीतली एक परिचारिका पाणी दूषित असल्याचं सांगायला उभी राहिली आणि चित्र गेलं. मंडळाने नंतर विचारणा केली तेव्हा मोठ्याने यंत्रांच्या खोलीतली वीज गेल्याचं लेखी कळवलं होतं. गाव आठवडाभर वीज कंपनीला शिव्या देत होतं. त्यानंतर तीन आठवडे खालच्या वस्तीला नळाचं तेच पाणी मिळत राहिलं आणि घरटी एक कावीळ झाली. नशिबाने कुणी दगावलं नाही.

"बाबा?" वकीलबाई म्हणाली.

मोठ्याने खुर्ची ओढली आणि बसला. त्याच्या मनात पहिला विचार आला तो आईचा. तिला हे दोन वर्षं माहीत होतं आणि रोज सकाळी तिने त्याला चहा दिला होता.

त्याने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. नगराध्यक्षांचा फोन आला होता. आवाज चढवला नव्हता, उलट घरच्यांची चौकशी केली होती. मग म्हणाले, खांब नगरपालिकेचे आहेत, लक्षात असू द्या. दोनशे बारा खांबांची परवानगी नानांच्या वेळेपासून तोंडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं लावून तारा कापल्या असत्या तर कुठल्या कायद्याखाली दाद मागायची, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तो खाली गेला, यंत्रांच्या खोलीतल्या माणसाला घरी पाठवलं आणि स्वतःच्या हाताने बटण दाबलं. आणि वर येऊन आईला सांगितलं, कुणी विचारलं तर लाइट गेली म्हण.

"आता नव्या कायद्यात सुनावणीशिवाय तारा कापता येत नाहीत," वकीलबाई हळूच म्हणाली. "तेव्हा ते कलम नव्हतं." वडिलांसाठी तिला एवढंच सापडलं.

धाकट्याचं आणि मोठ्याचं गेली दोन वर्षं धड पटत नव्हतं. धाकट्याला वाटे, कष्ट आपण करतो आणि हार याच्या गळ्यात पडतात. म्हणून आता तो तोंडसुख घेईल असंच काकूला वाटलं. पण तो भावाच्या शेजारी जाऊन बसला. म्हणाला, तारा मी ओढल्या होत्या. मला विचारलं असतंस तर मीही हेच सांगितलं असतं. मग त्याने पुतणीला सुचवलं की ही एक वही बाजूला ठेवावी, उरलेल्या चार द्याव्यात, आणि विचारलं तर वाळवी लागली म्हणावं.

"शपथेवर वाळवी?"

"वाळवी असतेच की गावात."

"काका, पकडलं गेलं तर परवाना तिथेच रद्द आणि तुम्ही दोघं पुन्हा अर्जसुद्धा करू शकणार नाही." तिने कायद्याचं पुस्तक ओढलं, पण उघडलं नाही. ते कलम तिला पाठ होतं. ज्याच्याकडून नियमभंग झाला त्याने सुनावणीआधी आपणहून, स्वतःच्या शब्दांत सांगितलं आणि त्या वेळची नोंद सोबत दिली, तर मंडळ दंड करून परवाना चालू ठेवू शकतं.

"ठेवू शकतं," मोठा म्हणाला. "ठेवेल असं नाही."

"नाही. तसं मी सांगू शकत नाही."

काकू एवढा वेळ हातात ताट धरून उभी होती. ते तिने टेबलावर ठेवलं. तिचं माहेर खालच्या वस्तीत होतं.

"माझा भाचा एकोणीस दिवस दवाखान्यात होता, दादा," ती म्हणाली. "तुम्ही रोज डबा पोचवलात. रोज. मी माझ्या आईला सांगायचे, असा थोरला दीर शोधून मिळायचा नाही."

दवाखान्याचा तो जिना मोठ्याला पायरीपायरीने आठवत होता. तिसऱ्या मजल्यावर डाव्या हाताला पोरांचा वॉर्ड, दारात ओळीने मांडलेल्या चपला. डबा देऊन तो लगेच निघायचा, पोराचे पिवळे डोळे बघवत नसत म्हणून. लोकांना वाटायचं, कामाचा माणूस, घाईत असतो.

"त्या बाईचं बोलणं ऐकू दिलं असतं तर पाणी दुसऱ्या दिवशी उकळून प्यायलो असतो आम्ही," काकू म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच ऐकवत नव्हता. मग तिने आपली चार दिवसांची छापील नोंदवही उचलली, कागद सुटे केले आणि कोरी बाजू वर करून आपल्या शाळकरी मुलांच्या कप्प्यात ठेवले. पाठकोरे आहेत, गणितं सोडवायला होतील, म्हणाली. "वकीलबाई, वह्याच जाऊ देत. पाचही."

धाकटा बायकोकडे बघत राहिला. इतकी वर्षं मोठ्या दादांची बाजू घेणारी तीच होती आणि विरोध करणारा तो.

वकीलबाईची अवस्था सगळ्यांत वाईट झाली होती. राजधानीत तिने अशी किती प्रकरणं हाताळली होती, समोरच्याला शांतपणे सांगितलं होतं की खरं बोलण्यातच तुमचं हित आहे. तेव्हा समोर आपला बाप बसलेला नसे. लहानपणी ती शाळेत सांगायची की गावात काय चाललंय ते माझे बाबा सगळ्यांना दाखवतात. तिला राग आला होता आणि त्याला कुशीत घ्यावंसंही वाटत होतं, आणि यातलं काहीच करता येत नव्हतं.

"मी सही कशावर करायची ते तू सांग, बाबा," ती शेवटी म्हणाली. "मी तुला सांगणार नाही."

मोठा उठला. दारापाशी थांबला, आजीच्या खोलीकडे एकदा बघितलं आणि जिना उतरून गेला. धाकटा त्याच्यामागे निघाला तशी आतून आजीने हाक मारली. "बस तू. जाऊ दे त्याला."

ती अजून पलंगाच्या कडेलाच होती. नात तिच्याजवळ जाऊन बसली.

"तू कधीच काही बोलली नाहीस, आजी."

आजीने सांगितलं की त्या संध्याकाळी डोक्यावर पंखा गरगरत होता. फिरत्या पंख्याखाली बसून तिने एकसष्ट माणसांना लाइट नाही म्हणून सांगितलं. त्यातल्या एकीने, सतराव्या की अठराव्या फोनवरच्या म्हातारीने, उलट तिलाच धीर दिला होता की अंधारात चालताना जपा हो. "तोंडाने खोटं बोलले. पोटचा पोर आहे, त्याने सांगितलं तर करणार काय? पण लिहायला बसले तर हात वळेना. हे गेले, पण रकाना आहे ना अजून." मग म्हणाली, "त्याला विचारलं नाही, कारण मग मलाही सांगावं लागलं असतं की मी काय केलं."

बाहेर टेबलावरचं जेवण गार होत चाललं होतं. काकूने ताटांवर ताटं झाकली. खालच्या यंत्रांची घरघर जमिनीतून पायांना जाणवत होती, ती या घरातल्या कुणाच्या एरवी लक्षातही यायची नाही.

फोन वाजला.

आजीने सवयीने चष्मा लावला, चालू वही पुढे ओढली आणि रिसीव्हर उचलला.

"बोला, काय तक्रार?"

पलीकडून फक्त तीच घरघर आली, जवळून. म्हणजे तो खाली यंत्रांच्या खोलीत होता, त्या बटणापाशी.

"कनेक्शन नंबर?" आजीने विचारलं.

"एक."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, आई. दोन वर्षं चार महिने."

"तक्रार सांगा," आजी म्हणाली. गावातल्या कुणालाही म्हणते तसंच.

"त्या संध्याकाळी वीज गेली नव्हती. सभा चालू असताना चित्र मी बंद केलं. मंडळाला लेखी खोटं कळवलं. तेही मीच."

आजी एकेक शब्द लिहीत होती, म्हणून त्याला थांबत थांबत सांगावं लागलं. लिहून झालं तसं तिने विचारलं, "कारण?"

तो म्हणाला, खांब. ती काहीच लिहीना. तो म्हणाला, नगराध्यक्षांचा फोन. आजी पेन उचलून वाट बघत राहिली, चाळीस वर्षांपूर्वी तो शाळेतून उशिरा आल्यावर दारात वाट बघायची तशी.

"भ्यालो," तो म्हणाला. "भ्यालो मी."

तिने तो एकच शब्द रकान्यात लिहिला. त्याच्या खाली लगेच दुसरी ओळ ओढली. कनेक्शन नंबर एक. तक्रार: एकसष्ट जणांना फोनवर खोटं सांगितलं. कारण: आई आहे. मग चौथा रकाना राहिला होता, कोण गेलं हा. इतक्या वर्षांत त्यात नानांचं नाव आलं होतं, दोन्ही मुलांची आली होती, किती नोकरमाणसांची आली आणि गेली. आजीने दोन्ही ओळींत तिथे 'मी' असं लिहिलं आणि वही नातीच्या हातात दिली.

"नोंदवली," ती फोनमध्ये म्हणाली. "उद्या अकराला माणूस येईल तुझ्याबरोबर. आता वर ये, पानं वाढलीत."